पडताळणी झाली, कराराचे काय?

गोव्यात भाड्याच्या घरांवरचा वाद बहुतेक वेळा एखाद्या गुन्ह्याच्या बातमीवरून पेटतो. कुठल्या तरी खोलीत राहणारा परप्रांतीय पकडला जातो, मालकाने त्याची पोलिसांत नोंदच केली नव्हती असे निष्पन्न होते आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रामसभेपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत एकच धोशा सुरू होतो: भाडेकरूंची पडताळणी करा. आधी यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघत. 2024 साली विधानसभेने स्वतंत्र कायदाच केला. त्यावर कामगारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलणारे उठतात आणि मालक कसे लुबाडतात, डिपॉझिट कसे गिळतात याचा पाढा वाचतात. किनारपट्टीतून तिसरा आवाज येतो: घरे आहेत कुठे, सगळी तर रात्रीच्या भाड्याने पर्यटकांना दिलेली. प्रत्येकाला आपापला खलनायक सापडलेला असतो आणि तो हाती लागला की पुढे विचार करायची गरज कुणाला वाटत नाही.

माझे म्हणणे असे. गोव्यात घरमालक आणि भाडेकरू दोघेही एकमेकांना घाबरून आहेत आणि दोघांच्या भीतीचे कारण एकच आहे. त्यांच्यातला व्यवहार धड कागदावर नसतो, आणि बिनसले तर निवाडा कधी लागेल याचा काही नेम नसतो. प्रत्येक भाडेकराराची नोंदणी सक्तीची, सोपी आणि जवळपास फुकट करा; तंटा झाला तर काही आठवड्यांत निकाल देणारी, फक्त त्याच कामाला वाहिलेली यंत्रणा उभी करा. मालकांची बाजू घ्यायची की भाडेकरूंची, हा वाद त्यानंतर खुशाल घालू. आज तो घालण्यात अर्थ नाही, कारण कायदा कुणाच्याही बाजूने असला तरी तो वेळेत पोहोचतच नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. भाडेकरू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बांधकामावरचा मजूर किंवा शॅकवरचा वेटर येतो. पण सत्तरीतून वास्कोला बदली झालेला शिक्षक कुठे राहतो? बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रात्रपाळी करणारी काणकोणची परिचारिका रोज घरी जाऊन येते का? वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत लागलेली डिचोलीची मुले, मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात खोली शोधणारी फोंड्याची पोरे, वडिलोपार्जित घरात चार भावांची बिऱ्हाडे मावत नाहीत म्हणून पर्वरीत फ्लॅट भाड्याने घेणारे नवे जोडपे, ही सगळी माणसे गोंयकारच आहेत. भाड्याच्या प्रश्नाला 'भायल्यां'चा प्रश्न म्हणून टाकले की यांची गैरसोय हिशेबातूनच गळते. ज्यांना मतदारसंघ आहे, ज्यांच्या घरी निवडणुकीत उमेदवार येतो, त्या माणसांनाही भाडेकरू म्हणून कुणी वाली नाही.

आता इतिहास, कारण इथली भीती हवेतून आलेली नाही. मुक्तीनंतर तीनच वर्षांत, 1964 साली, भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कूळ कायदा आणला. स्वतः खाणमालक असलेल्या माणसाने बहुजन कुळांच्या बाजूने कायदा करावा, ही गोष्ट आज आपण फार सहज सांगतो. त्या काळी ती सहज नव्हती. 1968 साली इमारतींच्या भाड्याचा आणि निष्कासनाचा कायदा आला. आजही गोव्यातल्या भाडेकरूला मुख्यतः तोच लागू आहे. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या कारकिर्दीत 1975 चा मुंडकार कायदा झाला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या आणि त्या बदल्यात नारळ पाडण्यापासून राखणीपर्यंत सगळे करणाऱ्या कुटुंबाला आता हाकलता येणार नव्हते. उलट राहते घर आणि त्याभोवतीची जमीन, गावात 300 चौरस मीटरपर्यंत आणि पालिका क्षेत्रात 200 पर्यंत, विकत घ्यायचा हक्क त्याला मिळाला. 1976 ची दुरुस्ती कूळ कायद्यात झाली आणि कसणारा कूळ कायद्यानेच जमिनीचा खरेदीदार मानला गेला. एका तपात एवढी उलथापालथ झाल्यावर जमीन आणि घर राखून असलेल्या प्रत्येक घरात एकच धडा शिकवला गेला: परक्याला आत घेऊ नकोस, घेतलास तर तो मालक होईल.

हे कायदे चुकले होते का? अजिबात नाही. भाटकाराच्या एका शब्दावर संसार उचलावा लागणाऱ्या माणसाला त्यांनी पायाखाली जमीन दिली, आणि त्यांना हात लावायची भाषा करणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. पण त्यांच्यातून निघालेला तो धडा मात्र कायद्याच्या दृष्टीने साफ चुकीचा आहे. मुंडकार कोण, याची व्याख्या त्या कायद्यातच आहे आणि घराचे भाडे भाटकाराला देणारा माणूस त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेला आहे. भाडे देणारा मुंडकार होत नाही. म्हणजे मालकाला मुंडकारीच्या दाव्यापासून वाचवणारा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता? दरमहा दिलेली भाड्याची पावती. आणि आपल्याकडचा सावध मालक नेमका काय टाळतो? तीच पावती. 'पावती दिली की हक्क लागतो' हे वाक्य मडगावात ऐका नाहीतर म्हापशात, त्याच ठाम सुरात ऐकायला मिळते. मग भाडे रोख घेतले जाते, वीजमीटर मालकाच्याच नावावर राहतो, भाडेकरू 'ओळखीचा' किंवा 'घर सांभाळायला ठेवलेला' म्हणून सांगितला जातो. उद्या हाच माणूस मामलेदारासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी वीस वर्षे यांच्या संमतीने इथे राहतो, भाडे कधी दिले नाही, तर मालकाकडे दाखवायला काय आहे? ज्याला तो घाबरतो तो दावा उभा करायला त्याने स्वतःच्या हाताने जागा करून ठेवलेली असते.

ज्यांना कागद करायचा असतो ते काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. झेरॉक्सच्या दुकानात करार तयार मिळतो. तो मुद्रांकावर छापायचा, नावे आणि रक्कम पेनने भरायची, शेवटच्या पानावर नोटरीचा शिक्का. माझ्यासमोर असा एक फोंड्याचा करार आहे, एका ओळखीच्या शिक्षिकेचा. मुदत अकरा महिने. डिपॉझिटच्या रकमेपुढे आकडा आहे, ती परत कधी करायची यापुढची जागा कोरी. 'परवानाधारकाने वीजबिल मालक सांगेल त्या दराने भरावे' असे एक कलम. मालकाने आत स्वतःचा उपमीटर बसवला आहे आणि युनिटचा दर वीजखात्याचा नसून त्याचा आहे. 'मालक कधीही जागेची पाहणी करू शकेल' हे दुसरे. दुरुस्ती कुणी करायची, हे कुठेच नाही; पावसाळ्यात भिंतीला ओल आली तेव्हा रंगाचा खर्च तिच्या डिपॉझिटमधून वळता झाला. आणि संबंध करारात 'भाडे' हा शब्द एकदाही येत नाही. सगळीकडे लीव्ह अँड लायसन्स, परवाना, परवाना शुल्क.

अकरा महिनेच का? कारण 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो आणि ती यातायात कुणाला नको असते. परवाना का म्हणायचे? कारण परवानाधारक म्हटले की भाडेकरूचे संरक्षण त्याला मिळत नाही, अशी समजूत. पण कागदावर काय नाव दिले आहे यावर न्यायालय थांबत नाही. 1959 साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की शब्दांपेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप पाहायचे, जागेचा एकट्याचा ताबा कुणाकडे आहे ते पाहायचे. तेव्हा हा अकरा महिन्यांचा कागद मालकाला वाटते तितके मोठे कवच नाही आणि भाडेकरूला तर त्यातून काहीच मिळत नाही. दोघांनी मिळून पैसे देऊन विकत घेतलेली ही खोटी शांतता आहे. दरवर्षी ती नूतनीकरणाच्या नावाखाली पुन्हा विकत घ्यावी लागते आणि बहुतेक वेळा दलाल त्यातही आपला वाटा काढतो.

घरमालकांचे जे म्हणणे मला सगळ्यात वजनदार वाटते, ते आता मांडतो. जहाजावर नोकरी करणारा तारवटी. पंचवीस वर्षे समुद्रावर काढून वास्कोत एक फ्लॅट घेतला, भाड्याने दिला, निवृत्त होऊन परतला तेव्हा भाडेकरू जागा सोडायला तयार नाही. 1968 च्या कायद्यात स्वतःच्या वापरासाठी जागा परत मागायची तरतूद आहे. भाडे थकले तर आहे: तीन महिन्यांची थकबाकी, रजिस्टर्ड नोटीस, तीस दिवसांत पैसे आले नाहीत तर भाडे नियंत्रकाकडे अर्ज. वाचायला हे अगदी न्याय्य वाटते. पण भाडे नियंत्रकाकडून प्रशासकीय न्यायाधिकरण, तिथून उच्च न्यायालय असा प्रवास सुरू झाला की तारवट्याची निवृत्ती त्यात सरते. मालकांना दुष्ट ठरवणाऱ्यांनी या माणसाला काय उत्तर द्यायचे ते आधी ठरवावे. तसेच पणजी-मडगावच्या जुन्या बाजारपेठांतल्या इमारती. महिन्याचे भाडे इतके किरकोळ की त्यातून कौलेही शाकारता येत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू सोडत नाही, आणि मधल्या मध्ये माडी कोसळायला टेकते.

मुंबईने हे दुखणे आपल्या आधी आणि आपल्याहून मोठ्या प्रमाणात भोगले आहे. तिथे 1940 च्या सप्टेंबरमधल्या भाड्यावर प्रमाणित भाडे गोठवले गेले आणि युद्ध संपून अर्धे शतक उलटले तरी ते तिथेच राहिले. मधली तफावत पागडीने भरून काढली, म्हणजे काळ्या पैशाने. शेवटी 1997 साली मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला म्हणावे लागले की एके काळी वाजवी असलेली ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. भाडे कायमचे गोठवणे म्हणजे भाडेकरूचे रक्षण, असे मानणाऱ्यांनी हा अनुभव डोळ्यांआड करू नये. भाडेकरूला हवी असते ती शाश्वती: ठरल्या मुदतीआधी कुणी हाकलणार नाही, ठरल्याहून जास्त भाडे अचानक मागणार नाही. ती देण्यासाठी चाळीस वर्षांपूर्वीचा आकडा गोठवून ठेवावा लागत नाही.

म्हणून सगळे खुले करून टाका, बाजार पाहून घेईल, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्यासाठी उदाहरण दूर शोधायला नको. आपल्यावर साडेचारशे वर्षे राज्य केलेल्या पोर्तुगालचेच घेऊ. तिथल्या हुकूमशहा सालाझारने 1948 साली लिस्बन आणि पोर्तोमधली भाडी गोठवली, 1974 च्या क्रांतीनंतर तो गोठवा देशभर पसरला. परिणाम मुंबईसारखाच: शहराच्या मध्यभागी ढासळणाऱ्या इमारती, आत म्हातारे भाडेकरू, दुरुस्तीला पैसे नाहीत. मग 2012 साली कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या दबावाखाली कायदा एकदम सैल केला गेला. इमारती उजळल्या, हे खरे. पण त्यांत राहायला आले कोण? पर्यटक. जुन्या मोहल्ल्यांतली घरे एकामागून एक रात्रीच्या भाड्यात गेली, म्हाताऱ्यांना शहर सोडावे लागले, आणि 2023 मध्ये सरकारला नव्या पर्यटक-परवान्यांवर बंधने घालावी लागली. पुढच्याच वर्षी आलेल्या सरकारने ती पुन्हा ढिली केली. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर, आणि दोन्हीकडे भाडेकरूच चिरडला गेला. पणजीतल्या फोंताइनच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना मला नेहमी वाटते, आपण लिस्बनच्या वाटेवरच आहोत. फरक एवढाच की आपण कायदा सैल न करताच तिथे पोहोचतो आहोत.

ते कसे? इथे रात्रीच्या भाड्याचा विषय येतो. आसगाव-शिवोलीचा घरमालक पर्यटकांना घर देतो ते निव्वळ जास्त पैशांसाठी, असे आपण गृहीत धरतो. पैसे जास्त मिळतात, यात वादच नाही. पण चादरी धुणे, मध्यरात्री पाणी गेले म्हणून फोन, ऑनलाइन कंपनीचे कमिशन, पावसाळ्यात रिकामी खोली, 1982 च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखालची नोंदणी, परदेशी पाहुणा असला तर त्याची पोलिसांकडे वेगळी माहिती, हे सगळे करून तो ते का करतो? अनेक मालक मोकळेपणाने सांगतात: पाहुणा सोमवारी जातो. तो हक्क सांगत नाही. मालकाच्या दृष्टीने पाहुण्याची खरी किंमत त्याच्या जाण्यात आहे. हीच खात्री त्याला वर्षभराच्या भाडेकरूबद्दल मिळाली, तर सगळे मालक वळतील असे मी म्हणत नाही. पण किनाऱ्यापासून आत असलेल्या, पर्यटकांवर फारसा न कमावणाऱ्या घरांचे मालक नक्की वळतील. आज दिसते ते उलटेच. किनारपट्टीत भाडेकरूला जूनमध्ये खोली मिळते आणि ऑक्टोबर आला की सामान बांधायला सांगितले जाते. शाळेत शिकणारे पोर असलेल्या कुटुंबाने हे वेळापत्रक कसे पाळायचे?

इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागेल. 2011 च्या जनगणनेत गोव्यात सव्वा लाखाच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. जेमतेम साडेचौदा लाख लोकसंख्येच्या राज्यात हा आकडा अचाट आहे, आणि तो सगळा भाडे कायद्याच्या भीतीतून आलेला नाही. दिल्ली-मुंबईच्या श्रीमंतांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले व्हिला त्यात आहेत. त्यांना भाड्याची फिकीर नाही. सासष्टी-बार्देशमधली मोठी जुनी घरे आहेत, ज्यांचे वारस लिस्बन, लंडन, दुबईत विखुरलेले आहेत. आपल्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेत पती-पत्नीची सामाईक मालमत्ता, मुलांचा हिस्सा, आणि वाटणीसाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून हिस्से ठरवण्याची, प्रक्रिया. दोन पिढ्या वाटणी झाली नाही की एका घराचे वीस मालक होतात आणि भाडेकरारावर सही करायची कुणी, इथेच घोडे अडते. भाड्याचा कितीही चांगला कायदा या घरांची कुलपे उघडणार नाही. मान्य. पण निम्मी नाही, चौथाई घरे उघडली तरी खोल्यांच्या भाड्यावर काय परिणाम होईल, याचा विचार करा.

आणि कुलूप लावलेले घर सुरक्षित असते, हा समज तरी कितपत खरा? 2022 साली जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. बळी गेलेल्या मालमत्ता कुठल्या होत्या? मालक परदेशी असलेल्या, वारस नसलेल्या, वर्षानुवर्षे कुणी न फिरकलेल्या. बळकावणारे आले ते बनावट जुने दस्तऐवज घेऊन. भाडेकरू म्हणून आत शिरलेले ते नव्हते. नोंदणीकृत करार असलेला भाडेकरू अंगणात कपडे वाळत घालत असता, तर त्यातल्या कित्येक घरांवर हात टाकायची हिंमत झाली नसती.

नोंदणीची सक्ती हा काही स्वप्नातला उपाय नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांदा-सावंतवाडीत गेलात की तो लागू आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध केले नाही तोवर. शिवाय दंड आणि तुरुंगवासही. बदल्यात मालकाला काय मिळाले? मुदत संपूनही परवानाधारक हटला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्क. त्या कायद्यातही उणिवा आहेत, पुण्या-मुंबईत अनामत रकमेच्या नावाने काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरबसल्या करार नोंदवणे तिथे नेहमीचे झाले आहे आणि त्याने मालकांचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. पेडण्याचा मालक आणि दोडामार्गचा मालक एकमेकांचे सोयरे असतात. एकाच्या हाती नोंदणीकृत करार, दुसऱ्याच्या हाती झेरॉक्सच्या दुकानातला कागद, हे का?

केंद्राने जून 2021 मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा हा दुसरा नमुना. राहत्या घरासाठी दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट नाही. मालकाला घरात यायचे तर चोवीस तास आधी सूचना. वीज-पाणी तोडायला बंदी. मुदत संपूनही न हटणाऱ्याला आधी दुप्पट, पुढे चौपट भाडे. आणि भाडे न्यायालयाने साठ दिवसांत निकाल द्यायचा. सगळ्यात महत्त्वाचे, तो फक्त नव्या करारांना लागू होतो. जुन्या भाडेकरूंना घाबरवून मते मागायची सोय त्यात नाही. माझी हरकत चौपटीवर आहे. भाडेकरू मुदतीनंतर थांबतो तो नेहमी लबाडीने थांबत नाही. डिपॉझिट हातात पडल्याशिवाय पुढच्या खोलीचे डिपॉझिट भरायला त्याच्याकडे पैसे नसतात. तेव्हा डिपॉझिट परत केल्याशिवाय दंडाचे मीटर सुरू होणार नाही, एवढी दुरुस्ती गोव्याने करून घ्यावी.

याहून मोठी शंका निवाड्याची आहे. उपजिल्हाधिकाऱ्याला भाडे प्राधिकारी आणि अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्याला भाडे न्यायालय म्हणून नेमायचे, असे त्या नमुन्यात आहे. आपल्या या अधिकाऱ्यांकडे आधीच निवडणूक, भूसंपादन, आपत्ती, जमीन रूपांतर, व्हीआयपींचे दौरे. त्यांच्या टेबलावर साठ दिवसांची मुदत किती दिवस टिकेल? मुंडकारांनाच विचारा. कायदा होऊन अर्धे शतक झाले तरी त्यांचे दावे मामलेदारांपुढे पडून आहेत. 2014 साली सरकारने कूळ-मुंडकारांचे तंटे मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयांकडे न्यायचे ठरवले तेव्हा कुळांनी रान उठवले, आणि ते बरोबर होते. वकिलाची फी परवडणार नव्हती. पण मामलेदाराकडे तारीख पे तारीख हेही उत्तर नव्हते. भाटकाराला हक्क गेल्याचे दुःख, मुंडकाराला हक्क मिळूनही सनद हाती न पडल्याचे. तीच चूक भाड्याच्या कायद्यात करायची असेल तर नवा कायदा न केलेला बरा. तालुक्याला नाही तर निदान प्रत्येक जिल्ह्याला एक पूर्णवेळ भाडे प्राधिकारी हवा, ज्याच्याकडे दुसरे कुठलेही काम नसेल. मोजकी माणसे आणि त्यांचा कर्मचारीवर्ग. सरकार ज्या वेगाने महोत्सवांवर खर्च करते, तो पाहता हे परवडत नाही असे कुणी म्हणू नये.

मालक नोंदणी टाळतील, कर लागेल म्हणून भाड्याचा बाजार आणखी अंधारात जाईल, असा आक्षेप येईल. एक खोली आणि न्हाणीघर भाड्याने देऊन म्हातारपण काढणाऱ्या विधवेला हे ओझे होईल हे मला दिसते. तिच्यासाठी मुद्रांक माफ करा, नोंदणी पंचायतीतच होऊ द्या, फॉर्म मराठी-कोंकणीत ठेवा. पण मोठ्या मालकांच्या करचुकवेगिरीची काळजी आपण कशाला वाहायची?

तोवर पहिले पाऊल टाकायला नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही. पडताळणीचा फॉर्म आज हजारो मालक भरतातच. त्यात भाडेकरूचे नाव, गाव, ओळखपत्र, फोटो सगळे असते. म्हणजे त्याच्याकडून राज्याला हवे ते सगळे. राज्य त्याला काय देते? भाड्याच्या अटींबद्दल एक कागदही नाही. त्याच फॉर्मवर चार ओळी वाढवा: भाडे किती, डिपॉझिट किती, मुदत कधीपर्यंत, सोडताना नोटीस किती दिवसांची. खाली दोघांच्या सह्या घ्या आणि शिक्का मारलेली एक प्रत भाडेकरूच्या हातात द्या. हा नोंदणीकृत करार ठरणार नाही, पण भाडे दिले-घेतले जात होते याचा सरकारदरबारी पुरावा राहील, तोही दोघांच्या सहीने. मुंडकारीच्या भीतीने झोप उडालेल्या मालकाला याहून स्वस्त औषध मिळायचे नाही. गृहखात्याने मनावर घेतले तर या चार ओळी पुढच्या छपाईतच घालता येतील.